चिनी कथांमधली पोरं आणि 'सामाजिक अध्ययन': सहा तासिकांत काय वाचून घ्यावं?

टाचणवही

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात बी.एड.ला शिकवते. 'अध्ययनाच्या सामाजिक उपपत्ती' असा घटक आहे. त्यात बांडुरा (बघून शिकणं) आणि वायगॉट्स्की (जाणत्याच्या साथीने शिकणं) सक्तीचे, आणि वेळ उरला तर लेव्ह-वेंगर (कामात सामील होऊन शिकणं). अडचण जुनीच आहे. मोठ्यांनी बाहुलीला बडवलेलं बघून मुलं नक्कल करतात तो बांडुराचा बाहुलीचा प्रयोग पाठ होतो, वायगॉट्स्कीची एकात एक वर्तुळं वहीत सुबक निघतात, पण सराव पाठाला वर्गात उभं राहिलं की कोण कुणाकडून काय उचलतंय हे काही दिसत नाही.

या वेळी उपपत्ती आधी न सांगता गोष्टींतून जायचा विचार आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या चिनी कथांमध्ये मुलं, शाळकरी पोरं, नुकती मिसरूड फुटलेली पात्रं भरपूर आहेत. शिवाय तो मुलूख अनोळखी, त्यामुळे 'आमच्याकडं पण असंच असतंय' म्हणून कुणाला सुटता येणार नाही, मजकूर वाचावाच लागेल.

छात्राध्यापक २४, तासिका ६, प्रत्येकी ५० मिनिटं. इंग्रजी वाचनाचा वेग बेताचा आहे, एका बैठकीत पाच-सहा पानांच्या वर जाणार नाही. मराठी सारांश मी करून देईन.

विचारायचं असं: कथा कोणत्या घ्याव्यात? कोणत्या प्रसंगाला कोणती उपपत्ती खरोखर लागू पडते? आणि बाहेरचे परीक्षक कुठे अडवतात? 'अमुक पात्र म्हणजे एमकेओ' (अधिक जाणती व्यक्ती) असा शिक्का मारून मोकळं होणारे निबंध नको आहेत.

गुऱ्हाळघर

ताई, पूर्ण कथांच्या मागे लागू नका, प्रसंग निवडा. एक प्रसंग, दीड-दोन पानं, आणि त्यावर चारच प्रश्न: शिकणारा कुठे उभा आहे? तिथून त्याला काय दिसतं? पाहिलेलं करायला कधी मिळतं? केल्यावर कोण काय म्हणतं? उपपत्तीचं नाव पहिली वीस मिनिटं फळ्यावर येऊ देऊ नका. नाव आलं की पोरं मजकूर वाचायचं थांबवून नावाला शोभेल ते शोधायला लागतात.

लू शुन या चिनी कथाकारापासून सुरुवात करा. 'कोंग यीजी' (१९१९) जेमतेम चार पानांची कथा आहे. सांगणारा माणूस आपल्या बाराव्या वर्षापासूनची हकीकत सांगतो. लुजेन गावातल्या दारूच्या दुकानात तो पोऱ्या म्हणून लागतो. आखूड डगलेवाले गिऱ्हाईक उभ्याने पितात, लांब झगेवाले आत बसून. पोरगं झगेवाल्यांपुढे नेण्याइतकं चलाख नाही, म्हणून त्याला बाहेर ठेवतात. बाहेरचं गिऱ्हाईक मोठं चिवट. रांजणातून दारू काढताना बघणार, भांड्याच्या तळाशी पाणी नाही ना ते बघणार, भांडं गरम पाण्यात ठेवेपर्यंत नजर हलवणार नाही. एवढ्या पहाऱ्यात दारूत पाणी मिसळणं काही त्याला जमत नाही. मालक काही दिवसांतच ओळखतो की हा या कामाचा नाही. पण शिफारस वजनदार, काढून टाकता येत नाही. मग फक्त दारू गरम करायच्या कामावर बसवतात.

इथे पहिला प्रश्न विचारा: या दुकानात 'शिकायचं' म्हणजे नेमकं काय होतं? सगळे 'गिऱ्हाइकाशी बोलणं' किंवा 'मोजमाप' असं लिहितील. खरा अभ्यासक्रम आहे नजर चुकवून पाणी घालणं, आणि तो मालकाने तोंडाने शिकवल्याचं कथेत कुठेच नाही. वर्गातल्या छुप्या अभ्यासक्रमावर व्याख्यान देण्यापेक्षा हा अर्धा परिच्छेद जास्त काम करतो.

मग कोंग यीजी येतो. झगा घातलेला, पण उभ्याने पिणारा तो एकटाच. परीक्षा पास न झालेला पढिक. तो पोराला विचारतो, बडीशेपेच्या शेंगदाण्यांतलं... चुकून आपल्याकडचं तोंडात येतं, बडीशेप घातलेल्या बीन्सच्या नावातलं पहिलं अक्षर कसं लिहितात? पोरगं मनात म्हणतं, हा भिकाऱ्यागत माणूस माझी परीक्षा घेणार? आणि तोंड फिरवतं. कोंग समजावतो की हे लक्षात ठेव, पुढे मालक झालास की हिशेबाला लागेल. पोराच्या डोक्यात दोन गोष्टी येतात: मालक व्हायला अजून जन्म जायचाय, आणि आपला मालक तर या बीन्स हिशेबात धरतच नाही. शेवटी वैतागून ते अक्षर कसं बनतं ते सांगतं, आणि बरोबर सांगतं. कोंग खूश होतो, नखं दारूत बुडवून फळीवर तेच अक्षर आणखी कसकसं लिहितात ते दाखवायला निघतो. चार प्रकार आहेत म्हणे. तोवर पोरगं ओठ काढून निघून गेलेलं असतं.

आता बघा, शिकणाऱ्याला पाया आहे, शिकवणाऱ्याला ज्ञान आहे, वेळ आहे, जिव्हाळाही आहे. तरी काही घडत नाही. का? कारण त्या दुकानाच्या कामात या ज्ञानाला जागाच नाही, आणि शिकवणाऱ्याला तिथे कवडीची पत नाही. बांडुरा म्हणेल की नमुन्याची (ज्याचं बघून शिकायचं त्या माणसाची) प्रतिष्ठा नसेल तर अवधान मिळत नाही. समाजशास्त्रज्ञ बोर्द्यूकडून आलात तर म्हणाल, हे सांस्कृतिक भांडवल (पत मिळवून देणारं ज्ञान) आहे खरं, पण ते वटवायची पेढी बंद पडली. चीनमधल्या सरकारी पदपरीक्षा १९०५ मध्ये रद्द झाल्या, कथा छापली गेली १९१९ मध्ये. एक सावधगिरी: कथेतला काळ त्याआधीचा आहे. म्हणून 'परीक्षा बंद झाल्यामुळे कोंगची ही दशा' असं लिहिलं की चुकलं. परीक्षा चालू असतानाच तो बुडालेला आहे. १९१९ च्या वाचकाला मात्र ती पेढी कायमची बंद झालेली ठाऊक होती.

दुसरा मजकूर लू शुनच्याच १९२६ च्या आठवणींतला, लहानपणची बाग आणि जुनी पाठशाळा यांवरचा. ही कथा नाही, आठवण आहे, हे वर्गात आधीच सांगा. त्यात बर्फात पाखरं धरायचा फास आहे. बर्फ झाडून जमीन मोकळी करायची, बांबूची मोठी चाळण एका आखूड काठीवर टेकवायची, खाली दाणे टाकायचे, काठीला लांब दोरी बांधून दुसरं टोक हातात धरून दूर थांबायचं. पाखरू चाळणीखाली आलं की दोरी ओढायची. शिकवणारा रुनतूचा, म्हणजे लू शुनच्या लहानपणच्या सवंगड्याचा, बाप. तो थोड्या वेळात डझनावारी पाखरं धरतो, मुलाच्या, म्हणजे लहानग्या लू शुनच्या, हाती निम्मा दिवस खपून तीन-चार लागतात. मुलगा कारण विचारतो, तेव्हा तो शांतपणे हसून एवढंच सांगतो की तू फार घाई करतोस, पाखरू मधोमध येईपर्यंत थांबत नाहीस.

बांडुराचे चार टप्पे (अवधान, धारणा, कृतीची पुनर्निर्मिती, प्रेरणा) इथे मोजून तपासता येतात. 'उणीव कोणत्या टप्प्यात?' असं विचाराल तर बरेच जण 'प्रेरणा' लिहितील. उलट प्रेरणा तर उतू चाललीय. बघितलंय नीट, लक्षातही आहे. अडतंय ते कृतीत, आणि तेही दोरी ओढायच्या क्षणाच्या निवडीत. ती निवड बघणाऱ्याला दिसत नाही, हात हलतो तेवढा दिसतो. म्हणून तर एक वाक्य तोंडी सांगावं लागलं. सराव पाठाच्या निरीक्षणाला हाच धडा लावा: मुरलेल्या शिक्षिकेचा प्रश्न दिसतो, प्रश्न विचारून ती किती थांबली ते कुणी टिपत नाही.

याच मजकुरात उलट बाजूही आहे. मुलगा पाठशाळेच्या गुरुजींना एका विचित्र किड्याबद्दल विचारतो. गुरुजी 'ठाऊक नाही' म्हणतात आणि चेहऱ्यावर नाराजी. पोरगं त्या चेहऱ्यावरून शिकतं की इथे असलं काही विचारायचं नसतं. मग गुरुजी मोठ्याने वाचनात रंगले की पोरं पातळ कागद ठेवून गोष्टींच्या पुस्तकांतली चित्रं गिरवतात. शाळा चालू, शिक्षणही चालू, फक्त दोघांची गाठ पडत नाही.

पोथीनिष्ठ

गुऱ्हाळघर यांनी बांडुराचं काम केलंय, मी वायगॉट्स्कीपुरतं लिहितो. लू शुनकडे त्याच्यासाठी बळेबळे जाऊ नका. सगळ्यात चोख प्रसंग आहे अठराव्या शतकातल्या 'लाल महालाचं स्वप्न' या त्साओ श्वेचिनच्या कादंबरीत, ४८ व्या प्रकरणात. तुमची 'सुरुवातीच्या' ही मर्यादा थोडी मागे सरकवावी लागेल, पण सरकवण्यासारखं आहे.

वायगॉट्स्कीचं 'समीपस्थ विकासक्षेत्र' म्हणजे 'मोठ्याने केलेली मदत' नव्हे, ते अंतर आहे. एकट्याला जे जमतं आणि जाणत्याच्या साथीने जे जमतं, त्यामधलं. म्हणजे निबंधात ते क्षेत्र दाखवायचं तर दोन्ही टोकांचा पुरावा हवा. निम्मे निबंध इथेच पडतात: मदत दाखवतात, मदतीआधी काय येत होतं ते दाखवतच नाहीत.

श्यांगलिंगच्या बाबतीत दोन्ही टोकं लिहिलेली आहेत. लहानपणी पळवून विकलेली ही मुलगी, एका उडाणटप्पू धनिकपुत्राची उपपत्नी. तो व्यापाराला परगावी गेला म्हणूनच तिला बागेत राहायला मिळतं. ती त्याच बागेतल्या दाइयू या कविता करणाऱ्या मुलीकडे कविता शिकायला जाते. आधी ती काय करत होती? फावल्या वेळात जुन्या कवितांचं पुस्तक चोरून चाळत होती, आणि तिने स्वतःहून टिपलं होतं की काही ओळी नियमाप्रमाणे जुळतात, काही जुळत नाहीत. त्यामुळे गोंधळली होती. हा झाला एकटीचा पल्ला.

दाइयू काय करते ते क्रमाने बघा. आधी नियम चार शब्दांत उरकते आणि सांगते की आशय पहिला, अपवादात्मक ओळ आली तर नियम मोडला तरी चालतो. मग वाचनाची यादी: वांग वेईच्या पाच अक्षरी वृत्तातल्या शंभर कविता, त्यानंतर दू फूच्या सात अक्षरी शे-दोनशे, मग ली बाइच्या छोट्या चौचरणी शे-दोनशे. पुस्तक देते तेही लाल वर्तुळाच्या खुणा करून, खूण असेल तेवढंच वाच म्हणून. श्यांगलिंग वाचून येते तेव्हा दाइयू व्याख्यान देत नाही, 'काय कळलं ते सांग' म्हणते. श्यांगलिंग एका ओळीतल्या सांजवेळच्या धुराबद्दल बोलते: राजधानीला येताना नाव किनाऱ्याला लागली होती, माणूस नव्हता, दूरच्या काही घरांतून स्वयंपाकाचा धूर वर चढत होता, तेच या ओळीत पुन्हा दिसलं. मग दाइयू तिला त्या ओळीमागची आणखी जुनी ओळ काढून दाखवते. हा पाच मिनिटांचा संवाद वर्गात दोघींकडून मोठ्याने वाचून घ्या.

नंतर काम: विषय चंद्र, यमकाचा गट ठरवून दिलेला. पहिली कविता फसते. दाइयूचं निदान असं की कल्पना आहे, शब्द साधे पडले, कारण वाचन थोडं झालंय. ही बाजूला ठेव, धीट होऊन दुसरी लिही. दुसरीही फसते, आता जास्तच ओढूनताणून झालेली. बाओचाय ही बागेतली दुसरी मुलगी म्हणते, ही चंद्रावर कुठे, चांदण्यावर झाली. तिसरी श्यांगलिंगला झोपेत सुचते आणि ती सगळ्यांना पसंत पडते. तीन मसुदे, दर वेळी वेगळी चूक, दर वेळी मदत कमी. तिसऱ्या वेळी मदत शून्य.

दोन गोष्टी लाल शाईने लिहून द्या. 'स्कॅफोल्डिंग' (गरजेपुरता आधार देणं) हा वायगॉट्स्कीचा शब्द नाही, तो वुड, ब्रूनर आणि रॉस यांच्या १९७६ च्या लेखातून आला. वायगॉट्स्की १९३४ मध्येच गेला. दुसरी गोष्ट, जाणती व्यक्ती वयाने मोठीच हवी असं नाही. दाइयू श्यांगलिंगपेक्षा मोठी नाही, आणि कवितेखेरीज बाकी जगाचा अनुभव श्यांगलिंगलाच जास्त. धुराच्या ओळीत तोच कामी आला.

इंग्रजीत वाचणार असाल तर हॉक्सच्या भाषांतराचा दुसरा खंड (१९७७) घ्या. त्यात श्यांगलिंगचं नाव 'कॅल्ट्रॉप' केलंय. यांग दांपत्याच्या भाषांतरात चिनी नावंच आहेत. अर्ध्या वर्गाने एक आणि अर्ध्याने दुसरं वाचलं तर चर्चेत दोन वेगळ्या मुली तयार होतात.

हौदातली_माती

लै भारी चाललंय. ताई, लेव्ह-वेंगरला 'वेळ उरला तर' म्हणून मागं टाकू नका, कोल्हापुरात तर अजिबात नको. गंगावेशीच्या नाहीतर मोतीबागच्या तालमीत नवं पोरगं गेलं की त्याला पहिल्या दिवशी कोण डाव शिकवत नाही. हौद उकर, मातीत हळद-ताक-तेल मिसळ, जोर-बैठका काढ, आणि थोरली पोरं लढताना कडंला थांब. कडंला थांबलेलं पोरगं रिकामं नसतंय. पट कसा काढला, वस्ताद कुठं ओरडला, सगळं त्याच्या डोळ्यात जातंय. याला ते दोघं 'वैध सीमावर्ती सहभाग' म्हणतात (पुस्तक १९९१ चं).

पण या उपपत्तीचं खरं टोक दुसरीकडं आहे आणि तेच नोट्समधून गळतंय. त्यांनी पाच ठिकाणची उदाहरणं घेतलीत: युकातानच्या माया सुइणी, लायबेरियाचे वाय आणि गोला शिंपी, अमेरिकन नौदलाचे क्वार्टरमास्टर, सुपरमार्केटमधले खाटीक, आणि दारू सोडलेल्यांचा गट. शिंपी बटणं आणि काजं यापासनं सुरू करून सगळ्यात शेवटी कापड बेततो, म्हणजे कपडा बनतो त्याच्या उलट्या क्रमानं. चूक झाली तर कापड वाया जात नाही. हे जमलेलं उदाहरण. खाटकांचं फसलेलं: शिकाऊ पोरांना पॅकिंगच्या यंत्रावर बसवलं, आणि तिथनं जाणते कारागीर मांस कापताना दिसतच नाहीत. काम आहे, पगार आहे, शिकणं नाही.

आता कोंग यीजीतलं पोरगं बघा. दारू गरम करायला बसवलं म्हणजे कडंला ठेवलं की बंद केलं? वर्गात दोन गट पाडून हे लढवा. माझ्या मते बंद केलं, कारण तिथनं पुढं सरकायची वाट कथेत कुठंच दिसत नाही. पण एक गट म्हणेल, त्याला सगळं दुकान दिसतंय, म्हणून तर वीस वर्षांनी तो हे सांगू शकला. तो मुद्दा पण सोडण्यासारखा नाही.

श्यांगलिंगबद्दल पोथीनिष्ठ सरांनी शेवट सांगितला नाही. कवितामंडळात घेतलं खरं तिला. पण पुढं, ऐंशीव्या प्रकरणाच्या आसपास, नवऱ्याची लग्नाची बायको येते, हिचं नाव बदलते आणि हिचा छळ मांडते. मंडळाची सभासद झाली म्हणून घरातली जागा बदलली नाही. सत्ता कुणाच्या हातात, हे या उपपत्तीत नाव घेण्यापुरतंच येतंय अशी टीका होते. ती टीका दाखवायला यापेक्षा चांगलं उदाहरण कुठनं आणणार?

टाचणवही

मनापासून आभार. आता दोन शंका. लू शुनच्या 'जुनं गाव' कथेतला रुनतू कुणीच घेतला नाही, मुद्दाम का? आणि वर्गातले निम्मे बाविशी-तेविशीचे आहेत, त्यांना लहान मुलांच्या गोष्टी 'बालसाहित्य' वाटतील. तरुण पात्रांचं काही? ये शेंगताओची शिक्षकावरची कादंबरी बी.एड.ला सोयीची वाटते.

शेंडापार्क

रुनतू आधी. 'जुनं गाव' (१९२१) घ्या, पण बालपणीचा भाग नको, तीस वर्षांनंतरची भेट घ्या. लहानपणी नोकराचा पोरगा रुनतू हाच जाणता आणि मालकाचा मुलगा ऐकणारा. पाखरं, समुद्रकाठचे शिंपले, राखणीतली कलिंगडं, सगळं त्याच्याकडे. लेखकाच्या नेहमीच्या सवंगड्यांना अंगणाच्या उंच भिंतींवरचं चौकोनी आभाळ तेवढं दिसतं. मोठेपणी रुनतू येतो तो 'मालक' म्हणत, आणि पाठीमागे लपलेल्या मुलाला, शुईशेंगला, पुढे ओढून नमस्कार करायला लावतो. वर्गाला एकच प्रश्न: त्या मिनिटात शुईशेंग काय शिकला, आणि कुणाकडून? लगेच पुढे तो लेखकाच्या भाच्याबरोबर... नाही, पुतण्या आहे तो, होंगअर. त्याच्याबरोबर खेळायला निघून जातो. म्हणजे नमुना बापाने दाखवला, पोराने अजून उचललेला नाही. बांडुरा लावायचाच तर इथे.

आता तरुण पात्रं. बा जिनची 'कुटुंब' १९३१ पासून शांघायच्या वृत्तपत्रात आली, पुस्तक १९३३ चं. मोठी आहे, पहिलं प्रकरण पुरेल. दोघे भाऊ बर्फातून घरी जातायत, डोक्यात शाळेच्या इंग्रजी नाटकाची तालीम. धाकट्या ज्वेहुईला 'काळा कुत्रा' नावाच्या खलाशाची भूमिका जमत नव्हती. मग त्याला सापडतं की नक्कल करायच्या नादात ती जमत नाही, आपणच तो आहोत असं धरलं की आपोआप होते. पाखरांच्या फासाशेजारी हा प्रसंग ठेवा. तिथे बाहेरून एक वाक्य मिळालं, इथे आतून.

त्याच कादंबरीत बांडुराच्या १९६५ च्या प्रयोगाला सरळ भिडणारी गोष्ट आहे. ६६ मुलांना बाहुली बडवणाऱ्या माणसाची फिल्म दाखवली, नमुन्याला शेवटी शाबासकी, शिक्षा किंवा काहीच नाही. शिक्षा पाहिलेल्यांनी नक्कल कमी केली. पण 'जे पाहिलंस ते करून दाखवशील तर बक्षीस' म्हटल्यावर तिन्ही गटांतला फरक मिटला. म्हणजे शिकलं सगळ्यांनीच होतं, करून दाखवणं अडलं होतं. 'कुटुंब'मधले तिन्ही भाऊ तीच 'नवे तारुण्य' सारखी मासिकं पाळीपाळीने वाचतात. धाकटा साप्ताहिक काढतो, थोरला ज्वेशिन तीच मतं मान्य करूनही घरात सगळ्यांपुढे वाकतो. 'थोरला शिकला नाही' असं लिहिणाऱ्याचे गुण कापा. तो शिकलाय, त्याला किंमत दिसतेय.

ये शेंगताओ. 'नी हुआनजी' १९२८ मध्ये एका शैक्षणिक मासिकातूनच क्रमशः आली, इंग्रजी भाषांतर बार्न्सचं, १९५८. नायक प्राथमिक शिक्षक, मुख्याध्यापकाच्या साथीने शाळेत शेत काढतो. जमिनीत बेवारस थडगी निघतात, गावात अफवा उठतात, स्थानिक दांडगा जमिनीवर हक्क सांगतो. 'करून शिकणे' ही कल्पना चांगली असली तरी ती गावाच्या जमिनीवर आली की काय होतं, ते एवढ्या बारकाईने दुसऱ्या कुठल्या पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. लेखक स्वतः १९१७ पासून लूजी गावात शिक्षक होता. (त्याच साली करवीर संस्थानात शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा काढला. वर्गात सांगायला हरकत नाही, पण दोन्हींत कार्यकारण जोडू नका.) पूर्ण कादंबरी देऊ नका, शेताचा भाग तेवढा द्या.

परीक्षक अडवतात ते बहुतेक तारखांवर. 'करून शिकणे' मांडणारा अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई शांघायला उतरला १९१९ च्या वसंतात, परतला जुलै १९२१ मध्ये. 'नी हुआनजी'ची सुरुवात त्याआधीच्या काळात आहे. म्हणून 'ड्यूईची व्याख्यानं ऐकून नायकाने शेत काढलं' हे चूक. लेखक १९२८ मध्ये, ड्यूई येऊन गेल्यावर लिहितोय, एवढं म्हणता येतं. आणि ड्यूईवर थांबू नका. त्याचाच विद्यार्थी ताओ शिंगजी याने १९२७ मध्ये नानजिंगजवळ श्याओजुआंगला शिक्षकांची शाळा काढली आणि गुरूचं सूत्र उलटं केलं: 'शिक्षण म्हणजे जीवन' ऐवजी 'जीवन म्हणजे शिक्षण', 'शाळा हाच समाज' ऐवजी 'समाज हीच शाळा'. पुढे त्याने 'छोटे गुरुजी' पद्धत चालवली, शिकलेल्या मुलाने घरच्यांना आणि शेजाऱ्यांना शिकवायचं. श्याओजुआंगची शाळा मात्र सरकारने १९३० मध्येच बंद केली होती.

दुसरी चूक, प्रभाव दाखवण्याची. वायगॉट्स्की आणि लू शुन समकालीन (एक गेला १९३४, दुसरा १९३६), पण या कथांवर त्याचा काही परिणाम नाही. बांडुरा, लेव्ह, वेंगर तर नंतरचेच. शीर्षक 'च्या दृष्टीने वाचन' ठेवा, 'चा प्रभाव' नको. या यादीत इतिहासाने खरोखर जोडलेला एकटा ड्यूई.

तिसरी: बाहुलीच्या प्रयोगाचे आकडे. १९६१ चा प्रयोग: ७२ मुलं, ३६ मुलगे ३६ मुली, स्टॅनफर्डची नर्सरी, वय ३७ ते ६९ महिने. शिक्षा-शाबासकीचा प्रयोग तो नव्हे, तो १९६५ चा. हे दोन कालवलेले आढळले की तोंडीला पुढचे तीन प्रश्न तिथेच येतात.

गुऱ्हाळघर

शेंडापार्क यांनी 'नी हुआनजी' घातली, मी असतो तर सहा तासिकांत ती बसवली नसती. पार्श्वभूमी सांगण्यातच अर्धा तास जाईल. तिच्याऐवजी डिंग लिंगची 'सोफियाची रोजनिशी' (१९२८) पण मोहात पाडेल. घेऊ नका. उत्तम आहे, पण तिच्यात शिकण्यापेक्षा एकटेपणच जास्त आहे, आणि ओढूनताणून उपपत्ती चिकटवली जाईल. (दोन्हींमध्ये ये शेंगताओचा हात आहे, ही गंमत. तो तेव्हा 'कथा मासिक' संपादत होता, डिंग लिंगची ही कथा त्यानेच छापली.)

माझी मांडणी: पहिली तासिका कोंग यीजी. दुसरी पाखरांचा फास आणि गुरुजींचा किडा. तिसरी-चौथी श्यांगलिंग, कारण मसुदे खरोखर लिहून घ्यायचेत. पाचवी 'कुटुंब'चं पहिलं प्रकरण आणि तीन भाऊ. सहावी रुनतूची भेट, आणि मग कुठे फळ्यावर सगळ्या उपपत्तींची नावं. २४ जणांचे चाराचे सहा गट. वाचन १२ मिनिटं, चार प्रश्नांवर लेखन १०, गटात १०, उरलेला वेळ भांडणाला. वाचन १५ च्या वर गेलं की तास गेला, म्हणून सारांशात प्रसंगाआधीची गोष्ट पाच ओळींत द्या, प्रसंग मात्र पूर्ण द्या. प्रसंगाचाच सारांश केलात तर दारूत बुडवलेली नखं जातात, मग पोरांकडे बोलायला काही उरत नाही.

टाचणवही

पाचव्या तासिकेपर्यंत पटलं. चौथ्या तासिकेत मसुदे कशाचे? चंद्रावर कविता म्हटली तर चोवीस जण चोवीस गाणी लिहून देतील.

पोथीनिष्ठ

कविता नको. पाठ टाचणातला एकच प्रस्तावनेचा प्रश्न लिहायला द्या, तीन मसुद्यांत. पहिला एकट्याने. दुसरा शेजाऱ्याने एकच शेरा दिल्यावर, आणि तो शेरा निदान असावा, दुरुस्ती नसावी: 'प्रश्न मोठा झाला' असं म्हणायचं, प्रश्न बदलून द्यायचा नाही. तिसरा दुसऱ्या दिवशी, शेरा न घेता. तिन्ही मसुदे एकाच कागदावर, खोडायचं नाही. खोडलं तर एकट्याचा पल्ला कुठवर होता ते पुसलं जातं आणि मोजायला अंतरच राहत नाही.

पुस्तकांबद्दल एक: खर्डेकर ग्रंथालयात किंवा करवीर नगर वाचन मंदिरात शोधताना लेखकांची नावं दोन पद्धतींनी घाला. जुन्या पुस्तकांवर लू शुनच्या आडनावापुढे 'एच-एस' ने सुरू होणारं स्पेलिंग असतं, नव्यांवर 'एक्स' ने. बा जिन जुन्यात 'पी' खाली, डिंग लिंग 'टी' खाली, ये शेंगताओ जुन्यात 'वाय-ई-एच'.